आठ घरांचा फरक

बुद्धरत्न ओव्हाळनं ‘ओके’ म्हटलं की जॉब ओके. मग मालक येऊ दे नाहीतर गिऱ्हाइकाचा साहेब येऊ दे, पुन्हा मोजून बघायची कुणाची छाती नव्हती. आधी भोसरीत आणि कंपनी हलली तशी चाकणला, चौतीस वर्षं हा माणूस इन्स्पेक्शनच्या टेबलामागं उभा राहिला. बाप देहूरोडला डेपोत हमाल होता. त्याला सगळ्यांनी जन्मभर ‘ए’ म्हणून हाक मारली. पोराला मात्र शॉपमधले आडदांड टर्नरसुद्धा ‘ओव्हाळसाहेब’ म्हणायचे. ते काही प्रेमानं नव्हे हां! त्याच्या सहीशिवाय त्यांचा माल गेटबाहेर जात नसे म्हणून. बुद्धरत्नला ते पक्कं ठाऊक होतं. प्रेम कुणाला हवंय, मान दिला तरी पुष्कळ झालं, असं तो म्हणायचा.

नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. “आधी बार, मग जॉब.” म्हणजे काय, तर ज्या सरळ दांड्यावर चढवून वस्तू तपासायची, तो टेस्ट बार स्वतःच सरळ आहे की नाही हे दर वेळी आधी बघायचं. काम अर्ध्या मिनिटाचं. बार दोन टेकूंवर ठेवायचा, वरून डायलची सुई टेकवायची आणि बार बोटांनी फिरवायचा. काटा हलला नाही, की मग जॉबला हात लावायचा. “तुमचाच बार वाकडा असला तर चांगल्या मालाला वाकडा ठरवाल, गाढवांनो!” असं तो ओरडायचा. पोरं पाठीमागं त्याची नक्कल करून हसायची.

खंडू हा त्याच कंपनीतला टर्नर. तळवड्याचा, जुन्या गावकीतला माणूस. बोलणं राकट, पण लेथला उभा राहिला की बघत राहावं असा हात. त्याचे जॉब बुद्धरत्नच्या टेबलावर हजारांनी आले असतील. त्यातले जे रिजेक्ट झाले ते खंडूनं मुकाट्यानं उचलून नेले. बाकीचे हुज्जत घालायचे, युनियनचा दम द्यायचे, कुणी चहाला ने, कुणी तंबाखू मळून दे असले प्रकार करायचे. खंडू फक्त एवढंच म्हणायचा, “ओव्हाळ म्हणतोय म्हंजे आसंल.” दोघं एकाच वर्षी रिटायर झाले आणि येणंजाणं सुरूच राहिलं.

या दोस्तीत एक खडा होता, तो आत्ताच सांगून टाकतो. खंडू निगडीला ओटास्कीममध्ये बुद्धरत्नच्या घरी यायचा, कस्तुरावहिनीच्या हातचं मटण पोटभर खायचा, वर बोटं चाटायचा. बुद्धरत्न तळवड्याला गेला की मात्र त्याचा चहा वेगळ्या कपातून यायचा. आधी एक कान तुटलेला कप होता, मोरीवरच्या फळीवर एकटाच ठेवलेला. पुढं कागदी कप निघाले आणि खंडूच्या बायकोची, दुर्गाबाईची, केवढी सोय झाली म्हणून सांगू! धुवायला नको, वेगळा ठेवायला नको, आणि कुणी बोट दाखवायलाही जागा नको. बुद्धरत्न तो चहा प्यायचा. खंडू तेवढा वेळ जमिनीकडं बघायचा. तीस वर्षांत दोघांपैकी एकानंही त्यावर तोंड उघडलं नाही.

खंडूची धाकटी पोरगी वर्षाली कॉलेजात असताना एअर रायफलच्या नादाला लागली. प्राधिकरणातल्या एका क्लबात ती जायची. नेम असा, की तिथले सर सगळ्यांना थांबवून तिचं टार्गेट दाखवायचे. पण क्लबात रायफल एक आणि पोरी सहा. स्वतःची घ्यायची तर परदेशी रायफल लाखांच्या घरात. पोरीचं वय वीस, म्हणजे ज्युनिअर गटाचं शेवटचं वर्ष. यंदाच्या चाचणीतून राज्याच्या संघात नाव लागलं तर ते सर्टिफिकेट घेऊन खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जाता येणार होतं. नाही लागलं, तर चाकणच्या कुठल्यातरी लाइनवर कंत्राटी कामगार. खंडूची थोरली दोन्ही पोरं त्याच लाइनवर घासत होती. ही एक तरी सुटावी, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात होतं.

सरांनी क्लबातली एक मोडकी रायफल खंडूला दिली. तिची नळी तेवढी धड होती, बाकी सगळं भंगार. खंडूनं त्या एका नळीभोवती नवी रायफल उभी करायला घेतली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी लेथ होती, तिच्यावर चौदा महिने घासले. बॉडी घडवली, घोडा घडवला, दस्ता वर्षालीच्या खांद्याच्या मापानं सागाचा कोरला. शेवटी नळी बॉडीत बसवली. सगळी मेख तिथंच असते. नळी बॉडीत केसभर जरी तिरकी बसली तरी मागचं वॉशर एका अंगानं दाबलं जातं, दुसऱ्या अंगानं हवा निसटते आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या जोरानं सुटतो. एक वर, एक खाली. मग पोरीचा नेम कितीही चांगला असो, काय उपयोग?

रायफल पुरी झाली तरी खंडूनं एकही छर्रा उडवला नाही. वर्षाली मागं लागली तर म्हणाला, “ओव्हाळ बघंल, ओके म्हणंल, मंग.”

रविवारी सकाळी बुद्धरत्न आपली लाकडी पेटी घेऊन तळवड्याला गेला. पेटीत डायल, टेकू आणि त्याचा बार. कंपनीनं जुनी इन्स्पेक्शन रूम मोडली तेव्हा शाल-नारळाबरोबर तो बार त्यानं मागून घेतला होता. शेडमध्ये खंडूचा चुलतभाऊ चिमाजी खुर्ची टाकून बसलेला होता.

“काय रं खंडू,” चिमाजी म्हणाला, “घरच्या बंदुकीला आता ओव्हाळांचं सर्टिफिकेट लागतंय व्हय? बघा बाबा, दिवस कुनाचे आलेत!”

खंडू कसनुसा हसला. बुद्धरत्ननं पेटी टेबलावर ठेवून उघडली. तेवढ्यात वर्षाली चहा घेऊन आली. चिमाजीला कपबशी. खंडूला कपबशी. बुद्धरत्नला कागदी कप. नेहमीचंच होतं ते, शंभरदा झालेलं. पण त्या दिवशी चिमाजीनं बशीत चहा ओतला, फुर्रकन ओढला आणि त्या कागदी कपाकडं बघून मिशीतल्या मिशीत हसला. बुद्धरत्नच्या डोक्यात सणक गेली. ज्याच्याकडून मोजून घ्यायचं त्यालाच असं बाजूला बसवायचं? चहा तसाच ठेवून तो टेबलाकडं वळला.

बार त्यानं बॉडीत मागून सरकवला, टोकावर कोरलेला नंबर वर, नेहमीसारखा. बाहेर राहिलेला भाग टेकूंवर ठेवला, नळीच्या मुळाशी सुई टेकवली आणि फिरवलं. काटा हलला. एक, दोन, तीन करत डायलवरच्या बारीक रेघांची आठ घरं गेला आणि परत आला. एअर रायफलीला आठ घरं म्हणजे फार झाली.

“तिरकी आहे,” तो म्हणाला.

“आसं कसं, राव?” खंडू पुढं आला. “म्या बुडाला निळा रंग लावून, बसवून बघितलंय. डाग समदीकडनं गोल उठलाय.”

“निळ्याला काय कळतंय? डायल खोटं बोलत नाही. आठ घरं आहे. रिजेक्ट.”

हा शब्द त्यानं जरा मोठ्यानंच उच्चारला, चिमाजीला ऐकू जावा म्हणून. चिमाजीचं हसू गेलं. खरं सांगायचं तर बुद्धरत्नला त्या क्षणी बरं वाटलं. खूप बरं वाटलं. वहीत त्यानं तारीख घालून लिहिलं, ‘आठ घरं, बारच्या नंबराकडे उंच’, पेटी बंद केली आणि निघाला. खंडू नळीवरून हात फिरवत उभा होता. वर्षालीनं विचारलं, “आबा, आता?” तर तो म्हणाला, “आता काय, काढायची नि दुरुस्त करायची. ओव्हाळ म्हणतोय म्हंजे आसंल.”

आणि त्यानं तसंच केलं. नळी बाहेर काढली, तिचं बूड आठ घरांच्या हिशेबानं एका अंगानं छाटलं, पुन्हा बसवली. तीन आठवडे गेले त्यात. चाचणीच्या आधीच्या बुधवारी बुद्धरत्ननं पुन्हा येऊन तपासलं. तोच बार, नंबर वर. काटा जागचा हलला नाही. “ओके,” तो म्हणाला. खंडूनं त्याचे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले गड्याचे.

गुरुवारी क्लबात रायफल उडवली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. एक छर्रा वर, एक खाली, एक मधेच. सरांनी स्वतः उडवून बघितली, तेच. “हवा निसटतेय हो नळीच्या बुडाशी,” ते म्हणाले. दोन दिवसांत करणार काय? बूड आधीच छाटलेलं, आणखी छाटायला जागा नव्हती. वर्षाली क्लबाच्या सामायिक रायफलीवर चाचणीला उतरली. दस्ता लांब, वजन वेगळं, हात बसलेला नाही. तीन गुणांनी तिचं नाव हुकलं. फक्त तीन! सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, तू खूप चांगलं खेळलीस. असल्या बोलण्याचं काय लोणचं घालायचं?

बुद्धरत्नला ते कळलं आणि त्याची झोप उडाली. आपण ओके म्हटलेली नळी हवा सोडते कशी? चार दिवस तो घरात फेऱ्या मारत राहिला. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं पेटी उघडली, बार एकटाच टेकूंवर ठेवला, सुई टेकवली आणि फिरवला.

काटा हलला. आठ घरं. उंच बाजू नंबराकडे.

तो मटकन खाली बसला. कस्तुरा धावत बाहेर आली. तिनं आधी त्याच्या छातीला हात लावून बघितला, मग टेबलाकडं बघितलं. “ती पेटी ना,” ती म्हणाली, “घराला रंग दिला तेव्हा माळ्यावरून खाली आपटली होती. त्या रंगवाल्या पोरांनी पाडली. तुम्ही ओरडाल म्हणून मी बोलले नाही.”

तिला काय बोलणार? पेटी पडल्याचं कुणी सांगितलं नाही तरी कळावं, म्हणूनच तर आधी बार बघायचा असतो. चौतीस वर्षांत एकदाही न चुकलेलं अर्ध्या मिनिटाचं काम, आणि ते नेमकं त्या रविवारी राहिलं. दुसऱ्या वेळी तर मोजणी आपण केलेल्याच मोजणीशी ताडून बघायची होती, मग बारवर शंका कोण घेतो? कसं राहिलं हे काही कोडं नव्हतं. त्याला त्या दिवशी चूक शोधायची नव्हतीच, चूक काढायची होती.

“मी सांगून येतो खंडूला,” तो उठला.

कस्तुरा दारात आडवी उभी राहिली. “कशाला? कोण विचारायला आलंय? त्यांचा समज झालाय नळी खराब होती म्हणून, तर होऊ द्या. तीस वर्षं तुम्हाला वेगळ्या कपातून चहा पाजला, त्याबद्दल कुणी आलं होतं माफी मागायला? मीच मूर्ख, त्या माणसाला ताटात वाढत बसले.”

“पोरीनं काय केलं होतं, कस्तुरा?”

“आणि आपण काय केलं होतं?” ती म्हणाली. चपला घालून तो निघाला.

तळवड्याला पोचला तेव्हा खंडू शेडमध्ये लेथला तेल देत होता. वर्षाली कंपनीचा निळा शर्ट घालून पायरीवर बुटाच्या नाड्या बांधत होती. सोमवारपासूनच लागली होती ती, चाकणला, सेकंड शिफ्ट. दुर्गाबाई दारात तांदूळ निवडत बसलेली.

“खंडू,” बुद्धरत्न उभ्या उभ्याच म्हणाला, “तुझी पहिली नळी बरोबर होती. माझा बार वाकडा होता.”

खंडूनं तेलाची कॅन खाली ठेवली. फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले. “तू बार बघितला नव्हतास?”

“नाही.”

“तू? आख्ख्या शॉपच्या डोक्यावर चौतीस वर्स तेच बडवनारा तू?”

“नाही बघितला.”

“का?”

आता बघा, इथं त्याला सुटता आलं असतं. वय झालं, नजर गेली, विसरलो, काहीही म्हटलं असतं तर खंडूनं मान डोलावली असती. ओव्हाळ म्हणतोय म्हंजे आसंल! पण बुद्धरत्नला ते जमलं नाही.

“मला कागदी कपात चहा दिलात म्हणून,” तो म्हणाला. “चिमाजी तोंडावर हसला म्हणून. माझं डोकं भणभणलं होतं. मला चूक काढायचीच होती, आणि ती निघाली.”

दुर्गाबाईनं सूप खाली आपटलं. “आगं बया! आवो, पावण्यारावळ्याला देतोच की आमी कागदी कप, धुनं वाचतं म्हणून! तेवढ्यावरनं माझ्या लेकराच्या नशिबावर नांगर फिरवला व्हय तुमी?”

“तू गप,” खंडू तिच्याकडं न बघता म्हणाला. मग बुद्धरत्नकडं वळला, आवाज फाटला होता. “तवा बोलायचं हुतं, राव. मला शिव्या घालायच्या. कप माझ्या तोंडावर फेकायचा. म्या हूं की चूं केलं नसतं. पोरीच्या बंदुकीवर का काढलंस?”

“तीस वर्षं वाट बघितली. वाटायचं, एक दिवस तू बोलशील.”

खंडू खाली बघायला लागला. तसाच, चहाच्या वेळी बघायचा तसा.

“काका,” वर्षाली पायरीवरून उठली. “त्या दिवशी कप मी आणला होता. आईनं भरून दिला आणि मी आणला. मला काय कळत नव्हतं का? कॉलेजात मी सगळ्यांच्या डब्यात खाते. पण तुम्ही कधीच काही म्हणत नव्हता ना, म्हणून मला वाटायचं, तुम्हाला त्याचं काही नाही.”

“होतं, बाळा,” बुद्धरत्न म्हणाला. “दर वेळी होतं.”

तिनं मान हलवली. रडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मग खंडूनं खाली बघतच विचारलं, “बारची किती निघाली?”

“आठ घरं. नंबराकडे.”

“आन् त्या दिवशी बंदुकीची?”

“तीच. आठ घरं, नंबराकडे. वहीत आहे माझ्या.”

खंडूला हिशेब करायला वेळ लागला नाही, टर्नरच होता तो. तरी त्यानं विचारलं, “मंग माझी सोताची किती हुती?”

“शून्य,” बुद्धरत्न म्हणाला. “शून्य होती, खंडू. हातानं बसवलेली नळी शून्यावर बसलेली मी आजवर कुणाची बघितली नाही.”

खंडूचा चेहरा एकदम उजळला. चौदा महिने ज्या शब्दाची वाट बघितली होती तो मिळाला होता गड्याला, आणि ती नळी तर आता जगात नव्हती. दुसऱ्याच क्षणी ते त्याच्याही ध्यानात आलं. खुळ्यासारखा तो लेथकडं बघत राहिला, मग म्हणाला, “लिवून दे.”

“काय?”

“शून्य हुती म्हणून. कागदावर लिवून दे. सही कर.”

बुद्धरत्ननं वहीचं पान फाडलं. रिपोर्ट लिहितात तसा रीतसर लिहिला. वस्तू, एअर रायफल. तपासणी, नळीची बैठक. फरक, शून्य. निकाल, ओके. खाली सही केली. लिहिताना हात एकदाही कापला नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

खंडूनं कागद दोनदा वाचला आणि लेकीपुढं धरला. “ठेव बाळा. तुझ्या बापाची शून्य हुती.”

वर्षालीनं कागदाकडं बघितलं, मग दोघांकडं. नाक्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला.

“मी काय करू त्याचं, आबा?” ती म्हणाली, डबा पिशवीत टाकला आणि बसकडं पळाली.